दुर्लक्षित जुनी दफनभूमी वाचवताना: आधी काय करावं आणि कशाला हात लावू नये

नकाशेबाज

जुनी दफनभूमी वाचवायची ठरली की पहिल्या रविवारी माणसं कोयते, तारेचे ब्रश आणि सिमेंटची गोणी घेऊन जमतात. झाडीत शंभर वर्षं तग धरून राहिलेल्या शिळा संध्याकाळपर्यंत ओरखडलेल्या, हललेल्या, भलत्याच थडग्याला टेकवलेल्या असतात. हेतू चांगला असतो म्हणून कुणी काही बोलत नाही. या धाग्यात बोलू या.

माझं म्हणणं असं की पहिलं वर्ष नोंदींचं. त्या वर्षात एकही शिळा धुवायची नाही, सरळ करायची नाही, सांधायची नाही. वाट होईल इतकंच गवत कापायचं.

सुरुवात कागदांपासून. जमीन कुणाच्या नावावर आहे, धर्मसंस्था, नगरपालिका की विश्वस्त मंडळ? वारसा यादीत किंवा संरक्षित स्मारकांत नाव आहे का? आत जायची वाट दुसऱ्याच्या जमिनीतून जाते का? परवानगी लेखी घ्या आणि तीत कामं मोजून लिहून घ्या: गवत कापणं, छायाचित्रं, मोजमापं, पुढे लागलं तर शिळा उचलणं. शिवाय मुदत, आणि कुणाला इजा झाली तर जबाबदारी कुणाची हेही. 'स्वच्छतेस हरकत नाही' एवढ्या ओळीवर शिळा हलवू नका. स्वच्छता म्हणजे केर काढणं, असा अर्थ नंतर निघतो.

मग नकाशा. मोबाइलचं जीपीएस मोकळ्या जागी ३ ते ५ मीटर चुकतं, झाडीखाली त्याहून जास्त. दोन थडग्यांत अंतर जेमतेम मीटर-दीड मीटर असताना ते घेऊन काय करणार? साधी टेप बरी, पण कापडी नको, ती ताणते. न हलणाऱ्या दोन खुणा निवडा, समजा फाटकाचा खांब आणि कुंपणभिंतीचा कोपरा. प्रत्येक शिळेच्या एका ठरावीक कोपऱ्याचं अंतर दोन्ही खुणांपासून घ्या. दोन टेपा शिळेशी मिळतात तिथला कोन ३० ते १५० अंशांच्या आत हवा. कोन फार अरुंद झाला तर मापातली लहानशी चूक नकाशावर कितीतरी पट होते. पडताळ्यासाठी तिसऱ्या खुणेपासूनही माप घ्या. उतारावर टेप आडवी धरून ओळंब्याने बिंदू खाली उतरवा, उताराला लागून मोजू नका.

क्रमांक रांगेनुसार द्या: क-१४, क-१५. मधेच नवी शिळा सापडली तर ती क-१४अ. आधीचे क्रमांक कधीही बदलू नका. आणि क्रमांक दगडावर रंगाने किंवा खडूने लिहायचा नाही. पायथ्याशी लाकडी खुंटी पुरते, तीही प्रत्येक ठिकाणी एकाच बाजूला.

नोंदपत्रकात 'स्थिती बरी' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. 'डावीकडे ८ अंश कललेली, पायथ्यापासून २० सेंमीवर आडवी चीर, मागची सालपटं सुटलेली' असं लिहा. पाच वर्षांनी कल ८ चा ११ झाला की शिळा सरकते आहे हे त्या आकड्यावरून कळेल, आठवणीवरून नाही.

अजून एक. गवतातले वीतभर उंचीचे, अक्षर नसलेले दगड वेचून ढीग करू नका. ते पायाकडचे दगड असू शकतात, किंवा ज्यांना कोरीव शिळा परवडली नाही त्यांची एकमेव खूण. साधारण दोन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद खोलगट भाग दिसला तर तोही नकाशावर घ्या, दगड असो वा नसो. लंडनच्या सेंट पँक्रस ओल्ड चर्चच्या आवारात एकोणिसाव्या शतकात रेल्वेसाठी जागा खोदताना काढलेल्या शिळा एका झाडाभोवती दाटीने उभ्या दिसायच्या. दृश्य इतकं देखणं की लोक मुद्दाम बघायला जात. डिसेंबर २०२२ मध्ये ते झाड पडलं. पण कुठली शिळा कुणाच्या डोक्याशी होती हा दुवा त्याच्या कितीतरी आधी, शिळा उचलल्या त्या दिवशीच तुटला होता.

शंकासुर

वर्षभर नुसत्या नोंदी केल्या तर माणसं टिकतील का? लोकांना रविवारी काहीतरी बदललेलं दिसायला हवं. आणि अक्षरं वाचताच येत नसतील तर नोंद कसली? दगडावर पीठ किंवा दाढीचा फेस चोळला की अक्षरं उठून दिसतात असं वाचलंय.

दगडफूल

पीठ नको, फेस नको, खडूही नको. दाढीच्या फेसात स्टिअरिक आम्ल आणि तेलकट द्रव्यं असतात. ती सच्छिद्र दगडात शिरली की पाण्याने निघत नाहीत. पीठ ओलं झालं की बुरशीला आयतं खाद्य. खडू फिरवताना झिजलेल्या अक्षराची कड आणखी झिजते. कागद ठेवून वर मेण घासण्याची जुनी पद्धतही सालपटं सुटलेल्या दगडावर वापरू नका.

अक्षरं वाचायला तिरपा उजेड लागतो. शिळेवर ऊन येत नसेल तर साधारण ३० बाय ४० सेंमीचा आरसा घेऊन एकाने कडेला उभं राहायचं आणि उजेडाचा पट्टा शिळेच्या पृष्ठाला घासून जाईल असा टाकायचा. पृष्ठाशी कोन १० ते १५ अंश. समोरून पडलेल्या उजेडात अक्षर सपाट दिसतं, बाजूने पडला की खाचेत सावली बसते. मोठी शिळा असेल तर आरसा लांब न्या. तो जवळ असला तर एक कड भाजते आणि दुसरी काळोखात राहते. ढगाळ दिवशी हा खेळ जमत नाही. मग संध्याकाळनंतर बॅटरी घेऊन तेच करा. एकदा डावीकडून, एकदा वरून. उभ्या रेषा एकात दिसतात, आडव्या दुसऱ्यात.

प्रत्येक शिळेची निदान पाच छायाचित्रं: चारही बाजू आणि मजकूर जवळून. चौकटीत क्रमांकाची पाटी आणि मोजपट्टी हवीच. कॅमेरा शिळेच्या मध्याच्या उंचीवर, पृष्ठाला समांतर. उभं राहून खाली वाकवून काढलेल्या छायाचित्रात खालच्या ओळी दाबल्या जातात, आणि तारखा बहुतेक तिथेच असतात.

मजकूर जसाच्या तसा उतरवा. ओळ तुटते तिथे तिरकी रेघ, पुसलेल्या अक्षराच्या जागी चौकटी कंस, अंदाज असेल तर कंसातच प्रश्नचिन्ह. कोरणाऱ्याची चूक सुधारू नका. दोघांनी वेगवेगळं वाचायचं आणि मग ताडून बघायचं. ३ आणि ८, १ आणि ७ यांत हमखास गफलत होते, आणि एका आकड्याने माणूस दुसऱ्याच पिढीत जातो.

शंकासुर, माणसं टिकवायला हे काम उत्तम आहे. झिजलेलं नाव उजेडात उमटताना दिसतं तेव्हा रविवार वाया गेला असं कुणाला वाटत नाही.

खोडकिडा

झाडीबद्दल लिहितो, कारण पहिला घाव तिथेच पडतो.

सगळं एकदम साफ करू नका. दाट सावलीत आणि ओलाव्यात असलेला दगड एका दिवसात कडक उन्हात आला की पटापट वाळतो. आतले क्षार पृष्ठाकडे येऊन स्फटिक बनतात आणि सालपटं उडतात. उतारावर मुळांनी धरलेली माती पहिल्या मोठ्या पावसात थडग्यांच्या पायाखालून निघून जाते. पट्टे पाडा. एका हंगामात एक पट्टा, त्याचं निरीक्षण, मग पुढचा. विणीच्या काळात पक्ष्यांची घरटी असलेली झुडपं सोडून द्या.

झाड मुळासकट उपटू नका. ट्रॅक्टरला साखळी बांधून बुंधा ओढला की सोबत थडग्याची कड येते आणि खालचं आणखीही काही. बुंधा जमिनीलगत कापा. पिंपळ-वडाच्या जातीचं झाड नुसतं कापलं तर जोमाने फुटतं. कापाचा घाव ताजा असताना, काही मिनिटांतच, ग्लायफोसेट हे तणनाशक ब्रशने फक्त घावाच्या कडेला, सालीच्या आतल्या ओल्या कड्यावर लावा. फवारणी नको. तणनाशकांत क्षार असतात आणि सच्छिद्र दगड ते पिऊन घेतो. सांध्यात शिरलेली मुळं मेल्यावर वाळू द्या, आक्रसली की सैल होतात. ओली मुळं ओढली तर दगडच उघडतो. मेलेलं मोठं मूळ कुजून पोकळी होते आणि दोन-तीन वर्षांनी जमीन बसते, तेव्हा त्या जागेची नोंद ठेवा.

दगडाला धरलेली वेलही अशीच काढायची. बुंध्याशी हातभर तुकडा कापून बाजूला करा, वरची वेल पूर्ण वाळेपर्यंत थांबा, मग सुटी होईल तेवढीच उतरवा. पकड सोडत नसेल तर पान-फांदी छाटून नख तसंच राहू द्या.

गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी संगमरवराला दर फेरीत थोडी खाते. पायथ्याशी करवतल्यासारखी खाच दिसली की समजा, काम त्या दोरीचं. शिळेभोवती वीतभर पट्टा हातातल्या विळ्यानेच कापा. शेळ्या सोडायची सूचना हमखास येते. शेळ्या दगडावर चढतात, सैल शिळांना अंग घासतात. मेंढ्या कमी चढतात, पण घासतातच. सैल शिळांना कुंपण नसेल तर दोन्ही नकोत.

एकाच जातीच्या कंदांची फुलं ओळीत उगवत असतील तर ती कुणीतरी थडग्यावर लावलेली असू शकतात. आधी नकाशावर घ्या, कोयता नंतर.

लंडनच्या हायगेटचं उदाहरण इथे कामाचं आहे. १८३९ मध्ये सुरू झालेली ती दफनभूमी विसाव्या शतकात रानात बुडाली. १९७५ मध्ये तिच्या मित्रमंडळाची स्थापना झाली. त्यांनी सगळं रान भुईसपाट केलं नाही. झाडं राखून, दगड फोडणारी तेवढी काढून काम चालवलं. आज लोक तिथे थडग्यांइतकंच त्या रानासाठी जातात.

शंकासुर

पटलं. आता धुण्याचं सांगा. दगड काळे आणि हिरवे झालेत. ब्लीचिंग पावडर आणि प्रेशर वॉशरने एका दिवसात पन्नास शिळा पांढऱ्या करून देणारे लोक आहेत.

दगडफूल

पांढऱ्या होतात हे खरं आहे. पुढे काय होतं ते सांगते. सोडियम हायपोक्लोराइट असो की ब्लीचिंग पावडर, मागे क्षार सोडते. ते छिद्रांत राहतात, ओल आली की विरघळतात, वाळली की स्फटिक होऊन फुगतात. दर वेळी आतून थोडा थोडा दाब. काही वर्षांत पृष्ठ साखरेसारखं रवाळ होऊन बोटाला लागतं. आम्ल तर संगमरवर आणि चुनखडी सरळ विरघळवतं, कारण दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच. प्रेशर वॉशर पाणी खोलवर ठोकतो आणि अक्षरांच्या कडा गोल करतो. वाळूचा मारा आणि तारेचा ब्रश यांबद्दल बोलायलाच नको. तारेचे तुकडे दगडात अडकून गंजतात आणि नारिंगी डाग कायमचा बसतो.

मुळात धुवायची गरज आहे का, हे आधी ठरवा. कोरडं बोट पृष्ठावर फिरवा. कण सुटले तर ती शिळा धुवायची नाही. बोटाच्या पेराने हलकेच वाजवा. पोकळ 'ठब' आवाज आला तर आत थर सुटलाय, तीही सोडा. चीर असेल, हलत असेल, रात्री पाणी गोठेल अशी थंडी असेल, तरीही नाही.

धुवायचीच असेल तर:

पाणी भरपूर हवं, शिळेमागे १५ ते २० लिटर धरा. जवळ पाणी नसेल तर त्या दिवशी सुरूच करू नका, कारण अर्धवट खंगाळलेली शिळा न धुतलेल्या शिळेपेक्षा वाईट. शिळा आधी पूर्ण भिजवा. जाड शेवाळ लाकडी किंवा बांबूच्या पट्टीने, धातूच्या नव्हे, पृष्ठाला जवळजवळ समांतर धरून उचला. मग मऊ नायलॉनचा किंवा नैसर्गिक केसांचा ब्रश. खालून वर जायचं. वरून सुरुवात केली तर मळकट ओघळ कोरड्या खालच्या भागात शोषले जातात आणि पट्टे उमटतात. प्रत्येक हातभर जागेनंतर खंगाळायचं. अक्षरांच्या खाचांत लाकडी काडी.

नुसत्या पाण्याने भागलं नाही तर दगडासाठी बनवलेलं, क्वाटर्नरी अमोनियमवर आधारलेलं जैवनाशक, म्हणजे शेवाळ-बुरशी मारणारं द्रव्य, मिळतं. भिजलेल्या दगडावर लावून १० ते १५ मिनिटं थांबा, हलकं घासा, धुऊन टाका. रंग त्याच दिवशी जात नाही. पुढचे काही आठवडे हळूहळू उतरत राहतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायची घाई नको. आधी मागच्या बाजूला तळहाताएवढ्या जागेवर करून बघा. भांडी किंवा कपडे धुण्याचा साबण वापरू नका, त्यातही क्षार असतात.

आणि माझ्या नावाला जागून: दगडफूल, म्हणजे शैवाक, सरसकट काढू नका. वालुकाश्मावर त्याचे धागे कणांमध्ये शिरलेले असतात. खरवडलं की दगडाचं पृष्ठच त्याच्याबरोबर येतं. मजकूर झाकत नसेल तर असू द्या. काही जाती वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. हातभर पसरलेला चट्टा हाही त्या जागेच्या वयाचा पुरावा आहे.

ओळंबा

कललेल्या शिळांचं. बहुतेक सरळ करायची गरजच नसते. १०-१५ अंश कललेली पण घट्ट बसलेली शिळा तशीच राहू दे. धोका कलण्यात नसतो, हलण्यात असतो. तळहाताने खांद्याच्या उंचीवर हलका दाब देऊन बघा, शिळेसमोर उभं न राहता बाजूला उभं राहून. ब्रिटनमध्ये यंत्राने ठरावीक जोर लावून शिळा तपासायची टूम निघाली होती आणि धडधाकट शिळाही आडव्या केल्या गेल्या. शेवटी २००९ च्या सरकारी मार्गदर्शनात तारतम्याने वागा, असं सांगावं लागलं.

वजन आधी काढा. १२० सेंमी उंच, ६० रुंद, १० जाड म्हणजे ०.०७२ घनमीटर. संगमरवर किंवा ग्रॅनाइट घनमीटरला साधारण २७०० किलो, म्हणजे ही मध्यम शिळा १९५ किलोच्या आसपास भरते. चौघांनी 'उचल रे' म्हणून उचलायची गोष्ट नाही. लोखंडी तिकाटणं, एक टनाची चेनपुली, रुंद नायलॉनचे पट्टे, पट्ट्याखाली जाड कापड. साखळी दगडाला लागता कामा नये. पट्टा वजनाच्या मध्याच्या वर हवा, नाहीतर शिळा हवेत उलटते. खाली पाय ठेवायचा नाही. एका वेळी एकच माणूस हुकूम देईल.

खोदताना शिळेचा तळ मोकळा होईल इतकंच. त्याखाली जायचं नाही. हाड किंवा पेटीचा तुकडा दिसला की थांबा, झाका, परवानगीत ज्यांचं नाव आहे त्यांना कळवा. छायाचित्र काढून कुठे टाकू नका.

साध्या उभ्या पाटीसारख्या शिळेला काँक्रीटचा पाया देऊ नका. काँक्रीट पाणी धरून ठेवतं, क्षार सोडतं आणि शिळेला ताठ जखडतं. मग वारा किंवा धक्का आला की शिळा काँक्रीटच्या पातळीवर काडीसारखी मोडते. त्याऐवजी तळाशी १० ते १५ सेंमी खडी, चांगली चोपलेली. त्यावर शिळा, मग भोवती खडी आणि भरड वाळूचं मिश्रण ५ ते ७ सेंमीच्या थरांनी, प्रत्येक थर चोपून. एकदम भरून वरून चोपलं तर खालचं ढिलंच राहतं आणि सहा महिन्यांत शिळा पुन्हा कलते. एकूण उंचीचा साधारण तिसरा हिस्सा जमिनीत हवा, पण मजकूर जमिनीखाली जाणार नाही हे पाहा. प्रत्येक थरानंतर दोन्ही दिशांना पाणसळ लावा. शेवटचे पाच सेंमी मातीचे, उतार शिळेपासून बाहेर.

बैठकीवर खिळीने बसवलेल्या शिळेत जुनी लोखंडी खिळी असते. गंज मूळ लोखंडाच्या सहा पटींपर्यंत जागा घेतो, म्हणून बैठक आतून फुटते. नवी खिळी ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची. पण ते छिद्र पाडणं आणि इपॉक्सी भरणं हौशी माणसाचं काम नव्हे. तिथे प्रशिक्षित संवर्धक बोलवा.

कळीचा चुना

वरच्या सगळ्यात सिमेंटचा उल्लेख आला, पण नेमका दोष कुठे ते राहिलं. चौथरे आणि बांधीव थडगी चुन्यात बांधलेली असतात. आत गेलेलं पाणी दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडतं, कारण चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र. म्हणजे झिजायचं ते दरजेने, दगडाने नाही. दरजांत सिमेंट भरलं की बाहेर पडायची वाट बंद होते. मग पाणी दगडातून निघतं, क्षार तिथे जमतात आणि काही वर्षांत सिमेंटच्या रेघा पुढे आलेल्या नि मधले दगड खोल गेलेले दिसतात. असं जाळं दिसलं की निदान करायला तज्ज्ञ लागत नाही.

गारा, म्हणजे दरजांत भरायचं मिश्रण: मुरवलेल्या चुन्याच्या लगद्याचा १ भाग, धुतलेल्या, बारीक-जाड मिसळ वाळूचे ३ भाग. सगळी वाळू एकसारखी बारीक असेल तर चुना जास्त लागतो आणि वाळताना भेगा पडतात. समुद्राची वाळू अजिबात नको. ओलसर जागी विटांची बारीक पूड, सुरखी, चुन्याच्या दशांश मिसळली तर लवकर धरतो. पाणी जवळजवळ घालायचंच नाही. लगद्यातलं पाणी मळून मळून सुटतं. घाईत पाणी ओतणं ही इथली सगळ्यात नेहमीची चूक.

दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत हाताने मोकळी करा. ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. धूळ काढा, आत पाणी मारा, ओघळ थांबला की भरा. खोल असेल तर थरांनी. दगडाच्या कडेवर गारा फासू नका, किंचित आतच राहू दे. मग ओलं गोणपाट टांगून निदान आठवडाभर ओलावा ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन धरतो, आणि त्यासाठी ओल लागते. उन्हात भरून सोडलेला चुना पीठ होऊन गळतो. कडक थंडीत, ५ अंशांखाली, काम नको. चष्मा आणि हातमोजे सक्तीचे. ओला चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

जुनं सिमेंट दगडाची कड ओढत असेल तर राहू द्या. काढण्याच्या नादात जास्त नुकसान होतं.

शंकासुर

शेवटचे दोन प्रश्न. झिजलेली अक्षरं पुन्हा कोरून घ्यावीत का? आणि तुटलेल्या तुकड्यांचं काय करायचं?

नकाशेबाज

कोरू नका, काळा रंगही भरू नका. १९१७ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्धकबर आयोग झिजलेल्या शिळा बदलतो किंवा पुन्हा कोरतो. पण त्यांच्या शिळा एका नमुन्याच्या आहेत आणि प्रत्येक नावामागे अधिकृत नोंदवही आहे. तुमच्याकडे मूळ दगड हीच नोंद. नव्याने कोरणारा ३ चा ८ करतो आणि पुढचा प्रत्येकजण ८ च वाचतो. मजकूर शेजारी वेगळ्या लहान पाटीवर द्या, तीही दगडाला न टेकता. नोंदींच्या तीन प्रती तीन जागी ठेवा, त्यांतली एक कागदावर, एखाद्या ग्रंथालयात. पितळी अक्षरं, ओतीव लोखंडी कठडे कुठे आहेत ते मात्र सार्वजनिक नकाशात दाखवू नका. चोर तोच नकाशा वापरतात.

ओळंबा

तुकडे सापडले तिथेच छायाचित्र, दोन खुणांपासूनची मापं, मग उचलणं. मातीवर सपाट ठेवू नका. खालून ओल शोषतात, वरून पाणी साचतं. लाकडी पट्ट्यांवर, मजकूर वर आणि थोडा उतार देऊन, छपराखाली, पण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नाही. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोरीने बांधा, चिकटपट्टी दगडाला लावू नका. दोन तुकडे जुळतात का हे बघायला कडा एकमेकींवर घासू नका. तुटलेल्या कडेवरचे कण गेले की सांधा नंतर कधीच नीट बसत नाही. कागदावर कडांचं रेखाटन करा आणि ते कागद जुळवा. आणि कुणी म्हणालं की तुकडे पायवाटेत किंवा कुंपणभिंतीत सिमेंटने बसवू, म्हणजे चोरीला जाणार नाहीत, तर नाही म्हणा. त्यातून ते परत काढता येत नाहीत.